वेल्च प्लग बदलला, तरी पाणी कमी होतच होतं: गोठलेल्या इंजिनाचं एक प्रकरण

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात वाईचे एक ओळखीचे गृहस्थ गाडी घेऊन गॅरेजवर आले. बॉनेट उघडायच्या आधीच म्हणाले, "मेजर, रोज अर्धा लिटर पाणी पितेय. खाली थेंब नाही, मागं धूर नाही. मग जातंय कुठं?"

सातारा जिल्ह्यात फौजेतून परत आलेल्याला हुद्दा काहीही असो, मेजरच म्हणतात. मी ईएमईत, म्हणजे फौजेच्या गाड्या आणि यंत्रं दुरुस्त करणाऱ्या दलात होतो आणि लेहला तीन हिवाळे काढले. त्यामुळे गाडी स्पितीहून आली आहे एवढं ऐकल्यावर मी पाण्याचा प्रश्न बाजूला ठेवला आणि आधी विचारलं, "तिथं एखाद्या सकाळी बेल्ट ओरडला होता का?" ते माझ्याकडं बघत राहिले. ओरडला होता.

गाडी सात आसनी, २.२ लिटरचं चार सिलिंडरचं डिझेल इंजिन. सिलिंडर असलेला ब्लॉक बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, त्यावरचं हेड ॲल्युमिनियमचं, कूलिंगमध्ये एकूण सुमारे ८ लिटर पाणी मावतं. गृहस्थांना जंगली जनावरांचे फोटो काढायचा नाद. हिमबिबट्या बघायला हिवाळ्यात किब्बरला जाणारे बरेच मराठी लोक आता असतात, त्यांतलेच हे. शिमला, रामपूर, रेकाँग पिओ, नाको, ताबो, काझा अशा रस्त्यानं जानेवारीत ते वर पोहोचले. किब्बर ४,२०० मीटरच्या आसपास आहे. रात्री पारा शून्याखाली २० पर्यंत उतरला. गाडी होमस्टेच्या बाहेर, उघड्यावर.

किब्बरची ती सकाळ

मी त्यांना ती सकाळ मिनिटामिनिटानं सांगायला लावली. गाडी खोलण्याआधी हे करावंच, कारण अशा दुखण्यातली अर्धी माहिती मालकाच्या आठवणीत असते आणि ती फुकट मिळते.

सेल्फ मारला तेव्हा इंजिन जड फिरलं, पण चौथ्या खेपेला सुरू झालं. सोबतच्या मित्राचं म्हणणं पडलं की डिझेल जमलंय. थंडीत साध्या डिझेलमधलं मेण बाहेर येतं आणि फिल्टर तुंबतो, हे खरं. पण डिझेल जमलं तर सेल्फ फिरतो आणि इंजिन पेट घेत नाही, किंवा पेट घेऊन भार पडताच बंद पडतं. इथं इंजिन चालू राहिलं आणि समोरून बेल्टची कर्कश किंकाळी सुरू झाली, रबर जळाल्याचा वास आला. वॉटर पंप आत बर्फात धरला गेला होता आणि बेल्ट त्याच्या पुलीवर घासत होता. या इंजिनात पंप बाहेरच्या बेल्टवर आहे हे नशीब. व्हॉल्व्ह चालवणाऱ्या टायमिंग बेल्टवर असता तर बेल्ट तुटून व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटले असते आणि हे प्रकरण तिथंच संपलं असतं.

हीटरमधून बर्फासारखी हवा येत होती आणि तीन-चार मिनिटांत टेम्परेचरचा काटा वर निघाला. बाहेर एवढी थंडी आणि इंजिन तापतंय, हे विचित्र वाटतं खरं, पण कारण साधं आहे: रेडिएटर गोठलेला, पाणी फिरत नाही, आणि सिलिंडरभोवतीची उष्णता जागच्या जागी साठते. होमस्टेच्या मालकानं धावत येऊन गाडी बंद करायला लावली. मित्र किटलीभर उकळतं पाणी घेऊन रेडिएटरवर ओतायला निघाला होता, त्यालाही त्यांनीच अडवलं. त्या माणसाचे उपकार मानावेत तेवढे थोडे. थंडीनं ताणलेल्या धातूवर उकळतं पाणी पडलं की राहिलेलं सगळं तडकतं.

दुपारी ऊन लागलं, बर्फ सुटला, आणि गाडीखालच्या बर्फावर ताटाएवढा हिरवा डाग पडला. त्यांनी वरून पाणी ओतलं आणि हळूहळू, दर तासाला थांबून पाणी घालत रामपूर गाठलं. तिथल्या मिस्त्रीनं ब्लॉकच्या बाजूचा एक वेल्च प्लग, म्हणजे भोक बुजवणारी पत्र्याची वाटी, बाहेर ढकलला गेलेला दाखवला आणि नवा बसवला. काम चोख होतं, मी नंतर पाहिलं. पुढं पाणी तरीही घटू लागलं तेव्हा गृहस्थांनी वाटेत गळती बुजवणाऱ्या लीक-स्टॉपची एक बाटली ओतली आणि दोन हजार किलोमीटरहून जास्त गाडी हाकत घरी आणली.

या प्रकरणात मला सगळ्यात जास्त खटकलेली गोष्ट हीच आहे. एक गळती सापडली की माणसाचा शोध थांबतो. "प्लग उडाला, म्हणजे ब्लॉक वाचला" असं खूप चांगले मिस्त्रीही म्हणतात. पण वेल्च प्लगची ती भोकं मुळात बर्फासाठी ठेवलेलीच नसतात. ब्लॉक ओतताना आतली वाळू बाहेर काढायला ती लागतात, नंतर पत्र्याच्या वाट्या ठोकून बुजवतात. बर्फानं प्लग ढकलला तर तो योगायोग. बर्फ काही पाण्यासारखा वाहत जाऊन मोकळं भोक शोधत नाही. एका खणातला दाब प्लगवाटे सुटला तरी शेजारच्या खणात तो कोंडलेलाच राहू शकतो.

पाणी की कूलंट

एक लिटर पाण्याचा बर्फ झाला की तो साधारण १.०९ लिटर होतो. फ्रीझरमध्ये विसरलेली काचेची बाटली फुटते ती याच वाढीव ९ टक्क्यांनी. इंजिनात आधी रेडिएटरच्या बारीक नळ्या आणि तोंडं बंद होतात, मग मधे अडकलेल्या पाण्याला वाढायला जागा राहत नाही. बीड दाबाला दणकट असतं, ताणाला कच्चं. आतून ढकललं की ते वाकत नाही, सरळ तडकतं.

पण गाडीत कूलंट होतं ना? "हिरवंगार होतं हो," ते म्हणाले. मग आम्ही कागद घेऊन हिशेबाला बसलो. गाडी घेतली तेव्हा ८ लिटरमध्ये निम्मं ग्लायकॉल, म्हणजे पाणी गोठू न देणारं कूलंटमधलं रसायन, ४ लिटर. असं मिश्रण उणे ३६-३७ पर्यंत गोठत नाही. गेल्या मे महिन्यात खंबाटकी घाटात वरचा होज फुटला, निम्मं पाणी गेलं, जवळच्या हॉटेलातून नळाचं ४ लिटर भरलं. ग्लायकॉल उरलं २ लिटर. होजची क्लिप झिरपत राहिली, दिवाळीपर्यंत अधूनमधून मिळून २ लिटर पाणी घातलं. ग्लायकॉल दीड लिटर. शिमल्याच्या अलीकडं पुन्हा २ लिटर. आता उरलं सव्वा लिटरहूनही कमी, म्हणजे सुमारे १४ टक्के. असं पाणी उणे ५ च्या आसपासच गोठायला लागतं. उणे २० ला त्यातलं निम्म्याहून जास्त बर्फ होऊन बसतं आणि ग्लायकॉल उरलेल्या पाण्यात गोळा होतं. रंग मात्र हिरवाच राहतो, कारण रंगाचा थेंबही पुरतो. रंगावरून कूलंट ओळखणं म्हणजे चहाच्या रंगावरून साखर ओळखणं.

आमच्याकडं हे कुणाच्या डोक्यात येत नाही यात नवल नाही. वेण्णा तलावाच्या काठावर हिमकण दिसले तरी महाबळेश्वरची बातमी होते. इथं कूलंट म्हणजे गाडी तापू नये म्हणून घालायची वस्तू. आणखी एक चूक मी वारंवार बघतो: आधीच पाणी मिसळून तयार मिळणाऱ्या कूलंटमध्ये लोक पुन्हा निम्मं पाणी घालतात. बाटलीवर ते थेट वापरायचं आहे की पातळ करून, आणि किती अंशापर्यंत टिकतं, हे छापलेलं असतं.

गळती शोधताना

गाडी रात्रभर गॅरेजमध्ये उभी ठेवली. सकाळी इंजिन गार असताना सगळ्यात आधी खालच्या ऑइल चेंबरचा ड्रेन बोल्ट दोन-तीन आटे ढिला केला, पूर्ण काढला नाही. ऑइलमध्ये पाणी उतरलं असेल तर जड असल्यानं ते तळाशी बसतं आणि पहिल्यांदा तेच झिरपतं. पहिला थेंब काळा आला, दुसराही काळा. ऑइल मोजायच्या दांडीवर, ऑइलच्या झाकणाच्या आत कुठं दुधाळ साय नाही. म्हणजे आतल्या बाजूला ब्लॉक फुटून पाणी ऑइलमध्ये जात नव्हतं. माझा जीव थोडा खाली आला.

मग हेड गॅस्केट, म्हणजे ब्लॉक आणि हेड यांच्यामधली पातळ पत्री. इंजिन तापलं होतं म्हणून माझा पहिला संशय तिथंच होता. पाण्याच्या टाकीवर निळं रसायन लावून बघितलं. जळालेला वायू पाण्यात येत असेल तर ते हिरवट-पिवळं पडतं. ते निळंच राहिलं. चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन २४ ते २५ बार, फरक नगण्य.

आता प्रेशर टेस्ट. टाकीच्या तोंडाला हातपंप लावून १५ पीएसआय दाब भरला आणि घड्याळ लावलं. दहा मिनिटांत काटा ९ वर. खाली पुठ्ठा अंथरला होता, त्यावर टिपूस नाही. अशा वेळी घाईनं काहीही खोलू नये. मी एकेक अवयव वेगळा काढत गेलो. हीटरचे दोन्ही पाइप एकमेकांना जोडून हीटर बाजूला केला: काटा तरीही ९. हीटरची जाळी गळत नव्हती, पण लीक-स्टॉपनं अर्धी बुजली होती, म्हणूनच परतीच्या वाटेवर गरम हवा येत नव्हती. ईजीआर कूलर (एक्झॉस्टचा परत इंजिनात जाणारा वायू गार करणारा) वेगळा काढून बादलीत बुडवून हवा दिली: बुडबुडा नाही. ऑइल कूलरही ठीक. गोठलेल्या गाडीत हे दोन कूलर लोक विसरतात. त्यांच्या आतल्या पत्र्या पातळ असतात. ईजीआर कूलर फुटला तर पाणी हवेबरोबर सिलिंडरमध्ये जातं आणि सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर येतो.

रेडिएटर उतरवला तेव्हा पहिला पुरावा हाताला लागला. त्याच्या नळ्या चपट्या असतात. खालच्या बाजूच्या सात-आठ नळ्यांवरून बोट फिरवलं तर त्यांना पोट आलं होतं, ओल्या शेंगेसारखं. प्लॅस्टिकच्या टाकीच्या सांध्याला घाम. रेडिएटर बाद. दुसरा बसवून पुन्हा १५ भरलं. दहा मिनिटांनी काटा १२ वर.

गृहस्थ शेजारी उभे होते. "रेडिएटर सापडला की, मेजर. बास झालं." मी त्यांना काटा दाखवला. गळती कमी झाली होती, संपली नव्हती.

पाण्यात अतिनील दिव्यात चमकणारा रंग घातला, गाडी अर्धा तास चालवली आणि अंधार करून निळ्या टॉर्चनं शोधलं. वरून काही दिसेना. एक्झॉस्ट मॅनिफोल्डचं उष्णतारोधक पत्र्याचं कव्हर काढलं, मग मॅनिफोल्डच काढला. ब्लॉकच्या त्या बाजूला, रामपूरला बसवलेल्या नव्या प्लगपासून चार बोटांवर, पांढुरक्या-हिरव्या मिठागत खपलीची एक आडवी रेघ होती. टॉर्च टाकल्यावर ती पिवळट हिरवी पेटली. थेंब खाली का पडत नव्हता ते कळलं: पाणी झिरपून तापलेल्या लोखंडावर जागीच वाळत होतं आणि मागं फक्त क्षार उरत होते.

तारेच्या ब्रशनं जागा घासली, भेगेत शिरणारा लाल डाय लावला, पुसला, पांढरा डेव्हलपर मारला. पाच मिनिटांत पांढऱ्यावर केसाएवढी लाल रेघ उमटली. एका टोकाला ती संपली. दुसरं टोक इंजिन माउंटिंगच्या ब्रॅकेटमागं शिरत होतं. ब्रॅकेट सोडवला आणि मोजलं: भेग १४ सेंटिमीटर. लीक-स्टॉपनं तिचा मधला भाग बुजवला होता, म्हणून गळती एवढी हळू होती आणि शोध एवढा लांबला. अडचणीत घर गाठण्यासाठी लीक-स्टॉप वापरणाऱ्याला मी दोष देणार नाही. पण गॅरेजवाल्याला ते पहिल्या वाक्यात सांगावं.

काय करायचं

वाटा तीन होत्या. नवा शॉर्ट ब्लॉक, म्हणजे हेडशिवायचं खालचं इंजिन घेतलं तर खर्च दोन लाखांपुढं. जुनं इंजिन आणून टाकलं तर इंजिन नंबर बदलतो, तो ब्लॉकवरच कोरलेला असतो, मग आरटीओत जाऊन आरसीवर नोंद करावी लागते, आणि जुन्या इंजिनाचा इतिहास कुणी सांगत नाही. तिसरी वाट भेग शिवायची.

शिवायची म्हणजे वेल्डिंग नव्हे. बिडात कार्बन तीन टक्क्यांहून जास्त असतो. वेल्डिंगच्या झळीनं लगतचा भाग कडक आणि ठिसूळ होतो, आणि सगळा ब्लॉक आधी भट्टीत तापवून सावकाश गार केला नाही तर जोडाशेजारी नवी भेग पडते. इपॉक्सीची पुटी तर तापण्या-थंडावण्याच्या फेऱ्यांत सुटतेच. मेटल स्टिचिंगमध्ये भेगेच्या दोन्ही टोकांना भोक पाडून आधी तिचं पळणं थांबवतात. मग भेगेवर ओळीनं भोकं पाडून आटे काढतात, त्यांत पिना पिळून बसवतात, प्रत्येक पिन आधीच्या पिनेला थोडी खाऊन बसते. भेगेला आडवी कुलपं घालतात, ती दोन्ही काठ एकत्र धरून ठेवतात. कुठं उष्णता द्यावी लागत नाही.

हे काम कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात होतं. त्या गावात बीड ओतणारे आणि बिडावर हात फिरवून त्याची जात सांगणारे लोक आहेत. मी इंजिन उतरवून पूर्ण खोललं आणि ब्लॉक टेम्पोत घालून स्वतः गेलो. कारागिरानं भेग पाहून पहिला प्रश्न योग्य विचारला: ही बोअरपर्यंत, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भिंतीपर्यंत, किंवा मेन बेअरिंगच्या भिंतीपर्यंत गेली आहे का? तिथं ज्वलनाचा आणि क्रँकचा भार येतो, तिथली भेग शिवून द्यायला मी तयार झालो नसतो. पण ही वॉटर जॅकेटच्या, म्हणजे सिलिंडरभोवतीच्या पाण्याच्या पोकळीच्या, बाहेरच्या भिंतीत होती, आणि तिला फक्त पाण्याचा दाब सांभाळायचा असतो. बर्फ बाहेर ढकलतो तसाच बोअरलाही आत ढकलतो, म्हणून चारही बोअर गेजनं मोजून घेतले. गोलाई कंपनीच्या मर्यादेत होती. हेडला गरम पाण्यात बुडवून हवेचा दाब दिला. बुडबुडे नाहीत, आणि पट्टी-फीलर लावून बघितलं तर सपाटी ठीक.

तीसच्या आसपास पिना लागल्या. शेवटच्या दोन त्या कारागिरानं माझ्यासमोर बसवल्या: पिन पिळली, डोकं कापलं, छोट्या हातोडीनं हलक्या ठोक्यांनी बसवलं, घासून काढलं, आणि जोड कुठं होता ते मला तर्जनीनं शोधावं लागलं. मग गरम पाण्यानं ३ बार दाबावर अर्धा तास.

विम्याचा मुद्दा

याबद्दल वेगळं लिहितो, कारण मालकाला आणि विकणाऱ्या एजंटालाही हे माहीत नव्हतं. आपल्याकडच्या खासगी मोटारीच्या सर्वंकष पॉलिसीत पूर, वादळ, गारपीट यांच्या यादीत 'फ्रॉस्ट' हा शब्दही आहे. म्हणजे हिमानं झालेलं नुकसान हे नाव घेऊन सांगितलेलं कारण आहे. पण त्याच पॉलिसीत यांत्रिक बिघाड वगळलेला आहे, आणि आणखी एक अट आहे: नुकसान झालेली गाडी दुरुस्तीआधी चालवली तर त्यातून वाढलेलं नुकसान विमा कंपनीच्या माथी येत नाही. किब्बरहून खाली आल्यावर रेंज मिळताच कळवलं असतं आणि हिरव्या डागाचा, निघालेल्या प्लगचा तारखेसह फोटो काढला असता तर बाजू भक्कम झाली असती. आम्ही उशिरा कळवलं. मी लेखी अहवाल दिला, त्यात फुगलेल्या नळ्या, प्लग आणि आतून बाहेर पडलेली आडवी भेग यांचे फोटो जोडले. एकच कारण या तिन्ही गोष्टी करू शकतं. सर्व्हेअर बघून गेले. दाव्याचा निर्णय अजून यायचा आहे.

जोडणी

जुनी घाण काढायला कूलिंग तीनदा धुतलं. हीटरची जाळी, थर्मोस्टॅट, सगळे होज, वॉटर पंप नवे घातले. बर्फात धरला गेलेला पंप फिरत असला तरी त्याच्या सीलवर आणि पंख्यावर मी विश्वास ठेवत नाही. पाणी न मिसळलेल्या कूलंटचं ४ लिटर कॉन्सन्ट्रेट आणि ४ लिटर डिस्टिल्ड वॉटर आधी बादलीत एकत्र करून मग ओतलं. हवा काढली. कूलंट किती अंशावर गोठेल ते दाखवणाऱ्या रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर एक थेंब टाकून उजेडाकडं धरला: निळी-पांढरी सीमा उणे ३६ वर. आकडा आणि तारीख चिकटपट्टीवर लिहून टाकीला लावली.

सगळं मिळून ९२,००० रुपये झाले.

तीन आठवड्यांनी गाडी पुन्हा बोलावली. १५ पीएसआय भरून आम्ही दोघं चहा प्यायला गेलो, अर्ध्या तासानं आलो. काटा १५ वर. मॅनिफोल्डच्या मागं आरसा आणि निळी टॉर्च घालून बघितलं, टाके कोरडे.

गृहस्थांनी मला तो रिफ्रॅक्टोमीटर कुठं मिळतो विचारलं आणि आठ दिवसांत स्वतःचा आणला. पुढच्या जानेवारीत त्यांच्याबरोबर स्पितीला जाणाऱ्या चार गाड्या आहेत. परवा रात्री त्यांचा फोन आला. चारही गाड्यांचा एकेक थेंब त्यांनी तपासला होता. एक उणे ३४, दोन उणे ७, आणि चौथीत काच शून्यावर, वरून हिरवीगार.